टोबरमोरीचं स्वीपस्टेक्स: २० फुटांवरचं जहाज

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात, ह्युरॉन सरोवराकाठच्या टोबरमोरीला बुडालेली जहाजं बघायला डायव्हिंगला येणारे जुने खेळाडू 'अरेबिया' या जहाजाच्या गप्पा मारतात आणि 'स्वीपस्टेक्स' वॉर्म-अप म्हणून उरकून टाकतात. मला ते मुळीच पटत नाही. अरेबिया देखणी आहे, वाद नाही. पण ती सुमारे ११० फुटांवर, तिथलं पाणी भर उन्हाळ्यातही हाडं गोठवणारं, आणि जरा कुठे मन रमतंय तोवर वर यायची वेळ होते. स्वीपस्टेक्स जेमतेम २० फुटांवर आहे. हवेच्या एका टाकीत निवांत फिरून होतं.

दोन डोलकाठ्यांचं हे शिडाचं जहाज १८६७ साली इथल्याच ऑन्टारियोत, बर्लिंग्टनला बांधलं. १८८५ मध्ये कोव्ह बेटाजवळ त्याला अपघात झाला, ओढून बिग टब बंदरात आणलं, पण दुरुस्तीपलीकडे गेलं होतं. आतला कोळसा तेवढा काढून घेतला आणि जहाज तिथंच बुडालं. डोलकाठ्या गेल्या, पण सांगाडा अजून धड आहे. पाणी गोडं आणि थंड, शिवाय समुद्रात लाकूड पोखरणारा किडा इथं नाही. आपल्या मालवणच्या समुद्रात असतं तर एव्हाना भुसा झाला असता.

नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, नांगर ओढायचा रहाट आहे, तिथं जरा थांबाच. लाकडावर हिरवट थर चढलाय, पण घडण स्पष्ट कळते. डेकमधल्या चौकोनी भोकाशी तरंगत राहिलात तर उन्हाच्या तिरिपा खालच्या फासळ्यांवर सरकताना दिसतात. आत शिरायला मनाई आहे, आणि ते योग्यच आहे.

ज्या चार्टरबरोबर, म्हणजे डायव्हिंगला नेणाऱ्या भाड्याच्या बोटीबरोबर गेलो, त्यांची ब्रीफिंग उत्तम. खाली जाण्यासाठी अंगावर बांधायची वजनं खाऱ्या पाण्याच्या हिशेबानं लावू दिली नाहीत. गोड्या पाण्यात कमी लागतात. जाड सूट आणि हूड चढवल्यावर बोटीच्या कडेलाच पुन्हा तपासून घेतलं. भाड्याचे हातमोजे मात्र भिकार. अंगठ्याची शिवण उसवलेली, आणि तक्रार केली तर "सगळे असेच आहेत" हे उत्तर. स्वतःचे न्या.

काचेच्या तळाच्या पर्यटक बोटी याच जहाजावर येतात, त्यामुळे डायव्हिंगच्या वेळा आधी विचारून ठेवा. इंजिनाची घरघर पाण्याखाली कुठून येतेय तेच कळत नाही, तेव्हा मधेच डोकं वर काढायचा शहाणपणा नको. पार्क्स कॅनडाकडे (तिथली राष्ट्रीय उद्यानं सांभाळणारी सरकारी संस्था) नोंदणी करावी लागते, तीही विसरू नका. हवा उरली तर बंदरातच 'सिटी ऑफ ग्रँड रॅपिड्स' ही १९०७ मध्ये जळालेली आगबोट आहे. बघा, पण तिच्यासाठी स्वीपस्टेक्सचा वेळ कापू नका.

शक्यतो आठवड्याच्या मधला दिवस गाठा. शनिवारी नवशिक्यांच्या बॅचेस येतात, सगळ्यांच्या पायांतले फिन्स एकदम फिरले की गाळ उठतो आणि हाताच्या अंतरावरचा रहाटसुद्धा दिसत नाही.