मिंट, उबंटू की फेडोरा? रोजच्या कामाच्या संगणकासाठी तुलना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित अपडेट थांबले. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही किंवा प्रोसेसर जुना आहे म्हणून विंडोज ११ घेत नाहीत, पण एरवी धडधाकट आहेत, असे असंख्य संगणक त्यामुळे अडकून पडले. लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळायचे ठरले की निवड बहुतेकदा मिंट, उबंटू आणि फेडोरा या तिच्या तीन वितरणांत येते. स्क्रीनशॉट बघून ती करू नका. रूप नंतर हवे तसे बदलता येते. बदलता येत नाही ते दोन गोष्टींचे गणित: मोठे अपग्रेड किती वेळा करावे लागणार, आणि तुमच्या हार्डवेअरला कर्नल (हार्डवेअर चालवणारा सिस्टिमचा गाभा) किती नवा लागतो.

अपडेटचे वेळापत्रक

उबंटू २४.०४ ही एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीची आवृत्ती. एप्रिल २०२४ मध्ये आली, पाच वर्षे अपडेट मिळतात. मिंट २२ तिच्याच पायावर उभी असल्याने तिलाही एप्रिल २०२९ पर्यंत चिंता नाही. फेडोराची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि साधारण १३ महिने सांभाळली जाते. मधली एक आवृत्ती गाळून थेट पुढचीवर जाता येते, म्हणजे वर्षातून एकदा तरी मोठे अपग्रेड अटळ. ते सहसा सुरळीत होते. अडते कुठे, तर बाहेरून जोडलेल्या रिपॉझिटरीत (सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन भांडारात) नव्या आवृत्तीची पॅकेजेस अजून आलेली नसतात, किंवा ग्नोम या तिच्या डेस्कटॉपची एक्स्टेन्शन्स काही दिवस बंद पडतात.

उबंटू घेताना एक चूक फार होते: आकडा मोठा दिसतो म्हणून मधली आवृत्ती उतरवली जाते. तिला फक्त नऊ महिने अपडेट असतात. सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येणारी, नावात एलटीएस असलेलीच घ्या.

हार्डवेअर

इथे फेडोरा पुढे आहे, कारण एकाच आवृत्तीच्या काळातही ती नवे कर्नल देत राहते. नुकत्याच बाजारात आलेल्या लॅपटॉपवर वाय-फाय, आवाज किंवा स्लीप मिंटमध्ये अडखळत असेल, तर बऱ्याचदा कारण एवढेच असते की कर्नल त्या चिपपेक्षा जुना आहे. मिंट २२ ची सुरुवात ६.८ कर्नलवर झाली. अपडेट मॅनेजरच्या मेनूतून नवा कर्नल निवडता येतो, म्हणून आधी तो उपाय करून पाहावा.

दोन मॉनिटर वापरणाऱ्यांनी, त्यातही एक ४के आणि दुसरा साधा असेल तर, मिंट घेण्याआधी नीट विचार करावा. तिचा सिनॅमन डेस्कटॉप अजून मुख्यतः एक्स११ या पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या जुन्या यंत्रणेवर चालतो आणि दोन पडद्यांना वेगवेगळे स्केलिंग (अक्षरे-चिन्हांचा आकार) देणे तिथे कटकटीचे होते. फेडोरा व उबंटूतील ग्नोम वेलँड या नव्या यंत्रणेवर हे स्वच्छ करतो.

एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असेल तर मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर सर्वांत सोपा: सुचवलेला ड्रायव्हर निवडा, रीस्टार्ट करा. सिक्युअर बूट (सही नसलेले सॉफ्टवेअर सुरुवातीलाच अडवणारी सोय) चालू असेल तर मध्येच पासवर्ड ठरवायला सांगितले जाऊ शकते आणि रीस्टार्टला निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. तो पडदा काही सेकंदच थांबतो. हुकला तर ड्रायव्हर लोड होत नाही आणि लोक कार्डाला दोष देतात. फेडोरात ड्रायव्हर आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या रिपॉझिटरीतून घ्यावा लागतो. इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हरचे कर्नल मॉड्यूल पार्श्वभूमीत तयार होत असते, म्हणून पाच मिनिटे थांबूनच रीस्टार्ट करावे.

व्हिडिओ आणि अॅप्स

पेटंटच्या अडचणीमुळे फेडोरात एच.२६४ आणि एच.२६५ या प्रचलित व्हिडिओ स्वरूपांचे हार्डवेअर डिकोडिंग, म्हणजे ग्राफिक्स चिपवर व्हिडिओ उलगडणे, मुळात मिळत नाही. व्हिडिओचा भार प्रोसेसरवर पडतो, पंखा फिरू लागतो, बॅटरी उतरते. आरपीएम फ्यूजनमधून व्हिडिओ उलगडणारे एफएफएमपेग हे सॉफ्टवेअर पूर्ण स्वरूपात आणि त्यासाठी ग्राफिक्सला लागणारा व्हीए-एपीआय ड्रायव्हर टाकला की प्रश्न सुटतो. काम मोजक्या मिनिटांचे आहे, पण ते करायचे असते हेच नवख्याला कोणी सांगत नाही. मिंट आणि उबंटूत इन्स्टॉल करतानाच मल्टिमीडिया कोडेकच्या (व्हिडिओ-ऑडिओ चालवणाऱ्या घटकांच्या) चौकटीत टिक करता येते.

उबंटूत फायरफॉक्स स्नॅप या उबंटूच्या बंदिस्त पॅकेज स्वरूपात येतो. संगणक सुरू केल्यावर पहिल्यांदा उघडायला वेळ लागतो आणि होम फोल्डरमधल्या लपवलेल्या फोल्डरांपर्यंत स्नॅप अॅप्स पोचू शकत नाहीत. मिंटने स्नॅप बंद ठेवून फ्लॅटपॅक हे तशाच प्रकारचे दुसरे स्वरूप जोडले आहे. घरगुती वापरासाठी मला मिंटचा निर्णय योग्य वाटतो. एखाद्या कंपनीचे सॉफ्टवेअर ‘फक्त उबंटूवर आधार’ असे सांगत असेल, तर मात्र वाद न घालता उबंटू घ्यावे.

मिंटसोबत टाइमशिफ्ट हे सिस्टिमची आधीची स्थिती जपून ठेवणारे साधन येते. बिघडलेले अपडेट उलटवायला ते उत्तम, पण होम फोल्डर त्यात मुळात धरलेला नसतो. कागदपत्रांचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर लागतोच.

कोणी काय घ्यावे

पाच-दहा वर्षे जुना संगणक, इंटरनेट, पत्रव्यवहार, व्हिडिओ: मिंट. रॅम ४ जीबी असेल तर तिची हलक्या डेस्कटॉपची एक्सएफसीई आवृत्ती. पण संगणकात अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी बसवल्याने जो फरक पडतो तो कोणत्याही आवृत्तीने पडत नाही. नवा लॅपटॉप, प्रोग्रामिंग, वर्षाला एक अपग्रेड चालणार असेल: फेडोरा.

फोटोशॉप, व्हीबीए मॅक्रोंनी भरलेल्या एक्सेल फाइल्स किंवा कर्नल-स्तरावरची अँटी-चीट (फसवणूक रोखणारी यंत्रणा) लागणारे गेम यांवर रोजचे काम किंवा करमणूक अवलंबून असेल, तर या तिघांपैकी काहीही घेऊ नका. निदान विंडोज पुसू नका.

इन्स्टॉल करण्याआधी

८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. आयएसओ (उतरवलेली इन्स्टॉलेशन फाइल) रूफस किंवा एचर या प्रोग्रामने त्यावर लिहा आणि इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून (लाइव्ह) चालवा. वाय-फाय, वेबकॅम, आवाज, ब्राइटनेसची बटणे तपासा आणि झाकण मिटून पुन्हा उघडा. स्लीपमधून उठत नसेल तर ते आताच कळलेले बरे.

विंडोज शेजारी ठेवणार असाल तर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) रिकव्हरी की आधी जपून ठेवा आणि विंडोजमधले फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू राहिले तर विंडोजचे पार्टिशन लिनक्समध्ये फक्त वाचता येते, त्यात काही लिहिता येत नाही. इन्स्टॉलरला एसएसडीच दिसली नाही, तर बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) स्टोरेजची पद्धत इंटेल आरएसटी आहे का पाहा. ती एएचसीआय या सर्वसाधारण पद्धतीवर आणावी लागते, पण विंडोजला आधी सेफ मोडमध्ये सुरू व्हायची सूचना देऊन मगच, नाहीतर विंडोज उठणार नाही.