झिंक ऑक्साइड की आयर्न ऑक्साइड? कॅन्सरवर प्रोजेक्ट घेणाऱ्यांसाठी

बडोद्यात एम.एस्सी.चं डिसर्टेशन ठरवायची वेळ आली की हा प्रश्न येतोच: कॅन्सरच्या पेशी मारायला कुठल्या ऑक्साइडचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) घ्यायचे? मी दोन्हींवर काम केलंय, त्यामुळे माझं मत सांगतो, बाकी गाईडचं काय म्हणणं आहे ते बघाच.

झिंक ऑक्साइड बनवायला एकदम सोपं, झिंक अ‍ॅसिटेट, कॉस्टिक सोडा, मग भट्टी, पांढरी पावडर तयार. रिझल्ट पण झटपट, डोस वाढवला की पेशी पटापट मरतात आणि ग्राफ मस्त येतो. पेशीच्या पचनाच्या पिशवीत, म्हणजे लायसोसोममधे, पीएच ५च्या आसपास असतो, तिथे कण विरघळतो, झिंकचे आयन सुटतात, आरओएस (पेशीला घातक, ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू) वाढतात, पेशी जाते.

पण मला खटकलं ते हे विरघळणंच, कारण ते मीडियममधेही, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवातही, होतं. मी कण सेंट्रिफ्यूज करून खाली बसवले आणि नुसतं वरचं गुलाबी मीडियम पेशींना दिलं, तरी बऱ्याच पेशी मेल्या! मग मारलं कोणी, कणाने की सुटलेल्या झिंकच्या आयनांनी? झिंकनेच मारलं असेल तर साधं झिंक क्लोराइड टाकलं तरी चाललं असतं, नॅनो कशाला. शिवाय नॉर्मल पेशींना ते सोडतं असं म्हणतात, पण डोस जरा वर गेला की त्याही जातात, निदान माझ्या प्लेटमधे तरी गेल्या.

आयर्न ऑक्साइड बनवताना मात्र वैताग आहे. लोहाचे फेरिक आणि फेरस असे दोन क्षार, दोनास एक प्रमाणात, अमोनिया, आणि नायट्रोजन नीट सोडला नाही तर काळा रंग तपकिरीकडे जायला लागतो. एमटीटीत (किती पेशी जिवंत आहेत ते रंगावरून मोजायची टेस्ट) कणांचा रंग रीडिंगमधे मिसळतो, म्हणून पेशींशिवायचा ब्लँक वेगळा ठेवा. आणि नुसते कण टाकले तर फारसं काही होतच नाही, ग्राफ सपाट. पण मला तेच आवडलं. कणांना तापवायला इंडक्शन हीटरने बदलतं चुंबकीय फील्ड देतात; फील्ड बंद तर पेशी जिवंत, फील्ड चालू करून ४३ अंशांच्या आसपास नेलं की मरतात, कोणी मारलं ते स्पष्ट. कण धुणं पण सोपं, बाटलीला बाहेरून चुंबक लावला की सगळं काळं भिंतीला चिकटतं आणि वरचं पाणी सरळ ओतून टाकायचं.

माणसांपर्यंतही दोघांपैकी आयर्नच पोचलंय. मॅगफोर्स कंपनीच्या नॅनोथर्म या आयर्न ऑक्साइडच्या कणांना २०१० मधे युरोपात मेंदूच्या ट्यूमरसाठी मान्यता मिळाली, कण थेट ट्यूमरमधे टोचायचे आणि बाहेरून फील्ड द्यायचं. फेरुमॉक्सिटॉल हे आयर्न ऑक्साइडच्या कणांचं औषध २००९ पासून अमेरिकेत किडनीच्या पेशंटना लोहासाठी शिरेतून देतात, त्याने उंदरांमधे ट्यूमरची वाढ कमी झाल्याचं २०१६ मधे छापून आलं. हाफ्नियम ऑक्साइडलाही २०१९ मधे सार्कोमासाठी (एक प्रकारचा कॅन्सर), रेडिएशनच्या जोडीला, सीई मार्क (युरोपातली मान्यता) मिळालाय, पण ते आपल्या लॅबमधे करण्यासारखं नाही. दांडिया बाजारातले आमचे काका विचारतात, "मग औषध निघालं का रे?" काका, चालू ट्रीटमेंट सोडून ह्याच्या मागे कोणी लागू नका, अजून बरंच बाकी आहे.

हातात चारच महिने असतील आणि इंडक्शन हीटरची सोय नसेल तर झिंक घ्या, वाईट नाही, फक्त तुलनेसाठी झिंक क्लोराइडचा कंट्रोल पहिल्या प्लेटपासून लावा. हीटर मिळत असेल तर मी तरी आयर्नच घेईन.