9 हजारांचं रिकव्हरी किट घेतलं, दोरी सोडून बाकीचंच जास्त कामाला आलं

जिमनी (मारुतीची छोटी 4x4) घेतल्यापासून पावसाळ्यात मुळशी, वेल्हे साइडच्या कच्च्या रस्त्यांवर जाणं होतं, म्हणून ऑनलाइन एक रिकव्हरी किट (अडकलेली गाडी बाहेर काढायचं सामान) मागवलं. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण तोच माल चार-पाच वेगवेगळ्या स्टिकरखाली मिळतो. बॅगेत 9 मीटरची 22 एमएम काइनेटिक रोप (ताणली जाणारी दोरी), दोरी गाडीला जोडायच्या कड्या म्हणजे दोन सॉफ्ट शॅकल (दोरीचेच) आणि दोन लोखंडी बो शॅकल, दोरी तुटली तर उसळू नये म्हणून तिच्यावर टाकायचा डॅम्पर, टायरची हवा कमी करायचा डिफ्लेटर, फोल्डिंग फावडं आणि हातमोजे.

आधी फावडं. दिसायला खेळण्यातलं वाटतं पण मुळशीच्या मागे एका सड्यावर गाडी पोटावर बसली तेव्हा त्यानेच सोडवलं. तिथे ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या एवढ्या खोल झाल्यात की मधला उंचवटा थेट गाडीच्या पोटाला लागतो आणि चाकं नुसती जागेवर फिरत बसतात, अशा वेळी अॅक्सिलरेटर दाबलात की अजून खाली. मागे मित्राची महिंद्रा थार होती, तो दोरी लावायलाच निघालेला, त्याला म्हटलं थांब जरा. चाकांपुढची लाल माती उकरली, मधला उंचवटा खरवडला, डिफ्लेटरने चारी टायर 18 पीएसआयवर आणले, लो रेंज (कमी वेग, जास्त जोराचा 4x4 गिअर) टाकून हळूच क्लच सोडला आणि आली बाहेर! दोरी बॅगेतच.

डिफ्लेटर चांगला आहे, काटा माझ्या घरच्या गेजशी जुळतो. पण किटमध्ये कॉम्प्रेसरच नाही, हे मला पटलेलंच नाही. हवा काढायचं साधन देता मग भरायची कशी? 18 वर डांबरी रस्त्याने पौडपर्यंत यायचं म्हणजे टायर तापणार आणि घाटातल्या वळणावर टायर रिमवरून सुटायचीही भीती. 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर वेगळा घ्यावा लागतो, तो धरून बजेट करा.

आता दोरी. लिस्टिंगमध्ये तुटायची ताकद 13 टन वगैरे मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं आणि आपण खूश होतो. काइनेटिक रोप नायलॉनची असते, ती 30 टक्क्यांपर्यंत ताणली जाते आणि त्या ताणाच्या जोरावरच अडकलेली गाडी निघते. जिमनी साधारण 1200 किलोची, तिला एवढी जाड दोरी लावली तर ती ताणलीच जात नाही, सरळ झटका बसतो. हलक्या गाडीला 19 एमएम पुरते, थारवाल्यांना 22 ठीक आहे. विक्रेते मात्र सगळ्यांना एकच साइज खपवतात. आणि भिजलेल्या नायलॉनची ताकद 10-15 टक्क्यांनी कमी होते हे बॅगेवर कुठेही लिहिलेलं नाही, विकतात मात्र मान्सून स्पेशल म्हणून.

बो शॅकलवर माझा भरवसा नाही. चांगल्या शॅकलवर वर्किंग लोड (सुरक्षित पेलायचं वजन) धातूतच उठवलेला असतो (19 एमएमला साधारण 4.75 टन), याच्यावर नुसता स्टिकर होता आणि तो पहिल्याच चिखलात गेला. सॉफ्ट शॅकल वापरा, काही तुटलंच तर निदान लोखंडाचा गोळा काच फोडून आत येणार नाही. टो-बॉलला (ट्रेलर जोडायचा मागचा गोळा) दोरी कधीच लावायची नाही. बंपरमध्ये स्क्रू करायचा टो-आय असतो ना, तोपण साध्या रस्त्यावर बंद गाडी ओढायला दिलेला असतो, झटक्याला नाही. ओढताना बाकी पब्लिकला दोरीच्या लांबीपेक्षा लांब उभं करा, व्हिडिओ काढणाऱ्यांना तर आधी.

सगळ्यात जास्त डोकं फिरलं ते बॉक्सवरच्या फोटोने. वाहत्या पाण्यात बंपर बुडालेली गाडी, आणि खाली लिहिलंय कुठेही जा! अहो, या बॅगेतलं काहीही वाहत्या पाण्यात उपयोगाचं नाही. थारचा वेडिंग (किती खोल पाण्यातून जाऊ शकते तो) आकडा 650 एमएम असला तरी तो साचलेल्या पाण्यासाठी धरा, 60 सेंटीमीटर वाहतं पाणी बहुतेक गाड्या उचलून नेतं, जिमनी तर त्याआधीच. ताम्हिणीला जुलै 2024 मध्ये 24 तासांत 556 मिमी पडला होता, तसल्या पावसात सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी परतताना कमरेएवढा असतो. पाणी गढूळ असेल तर खाली कातळ आहे का खड्डा तेही दिसत नाही. आम्ही त्याच दिवशी पुढच्या ओढ्यावरून गाड्या वळवल्या, आणि वळवताना भातखाचरांच्या बांधावर चाक जाऊ नये म्हणून एक जण खाली उतरून चालत होता. लावणीच्या दिवसांत लोकांचे बांध फोडून रील काढणारे काही ग्रुप आहेत, त्यांच्यामुळे गावकरी आता सगळ्यांनाच अडवतात आणि बरोबरच करतात. निघायच्या आधी जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश लागलाय का तेवढं बघून घ्या, घाट भागात रेड अलर्टला बऱ्याचदा लागतो.

वापरल्यावर दोरी साध्या पाण्याने धुवायची, लाल मातीतली रेती धाग्यात शिरून आतून कापत राहते. सुकवायची सावलीत. पुण्यात जुलैमध्ये आठवडा लागतो, घरचे वैतागतात.

पाचपैकी तीन. जमत असेल तर सुटंच घ्या, फावडं, डिफ्लेटर, कॉम्प्रेसर आधी, दोरी गाडीच्या वजनाप्रमाणे नंतर. हातमोजे पहिल्याच वापरात उसवले, हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे रबरी ठिपक्यांचे घ्या, त्याने ओल्या दोरीवर पकड पण चांगली बसते.