विंडोज १० नंतरचे महिने: ब्राउझर लगेच, विंडोज सवडीने

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात माझं ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स आणि डीटीपीचं सेंटर आहे. पीकविमा, शिष्यवृत्ती, सातबारा, लग्नपत्रिका, जे येईल ते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून नेहमी मिळणाऱ्या दुरुस्त्या, संपला तेव्हा दुकान आणि घर मिळून चार मशीनं होती आणि चौघांची तऱ्हा वेगळी. आता एक विंडोज ११ वर आहे, एकावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी टाकायची फुकट सिस्टिम), घरचा लॅपटॉप वाढीव मुदतीतल्या विंडोज १० वर, आणि चौथं विंडोज ७ वर, नेटची वायर काढून ठेवलेलं. बरेच महिने हे सगळं चालवून झालंय. आसपासचे सेंटरवाले येऊन विचारतात, "अपडेट मारू का थांबू?" म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

ब्राउझरचं आधी सांगतो, कारण तिथे माझ्या मनात काही शंका नाही. ब्राउझरला थांबवायचं नाही. आला अपडेट की घ्यायचा, त्याच दिवशी. क्रोम ऑगस्ट २०२३ पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या दर आठवड्याला सोडतं. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. क्रोम ज्या क्रोमियमवर उभं आहे त्याचा कोड कुणालाही वाचता येतो. भोक बुजवलं की ते कुठे होतं हेही त्याच कोडमध्ये दिसतं. म्हणजे दुरुस्ती बाहेर पडल्यापासून तुमच्या मशीनवर येईपर्यंतचा काळ चोराच्या फायद्याचा. आणि आपल्याकडे तर गिऱ्हाईक दुसऱ्याच्या मशीनवर आधार नंबर, पासबुक, ओटीपी सगळं बिनघोर सांगतं. त्या विश्वासाला जुना ब्राउझर परवडत नाही.

खरी अडचण अशी की अपडेट गुपचूप डाउनलोड होऊन बसतो, पण ब्राउझर बंद करून उघडल्याशिवाय लागू होत नाही. आणि सेंटरमध्ये क्रोम बंद कोण करतो? वीस टॅब उघडे, मशीन रात्री स्लीपवर, सकाळी तिथूनच पुढे चालू. क्रोमच्या वरच्या कोपऱ्यातली खूण बघत जा: अपडेट येऊन दोन दिवस व्हायच्या आत असेल तर हिरवी, चारेक दिवस झाले की नारिंगी, आठवडा उलटला की लाल. मी बऱ्याच दुकानांत लाल बघितलीय, तीही अशा ठिकाणी जिथे दिवसभर बँकेची कामं चालतात. माझ्याकडे आता नियम आहे. शटर ओढण्याआधी क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही पूर्ण बंद, मदतीला ठेवलेल्या पोराने विसरलं तर सकाळचा चहा त्याच्याकडून.

दोन ब्राउझर का, असं भाचा विचारतो. एखाद्या अपडेटनंतर एखादी साइट रुसली तर दुसऱ्यात काम चालू राहतं. म्हणून ब्राउझरचा अपडेट घ्यायला भीती वाटत नाही. दुसरं कारण जरा जुनं आहे. साइट खरी आहे हे पटवणारी जी डिजिटल प्रमाणपत्रं असतात, त्यांची फायरफॉक्स स्वतःची यादी बाळगतो, विंडोजच्या यादीवर बसून राहत नाही. ३० सप्टेंबर २०२१ ला एक फार वापरात असलेलं मूळ प्रमाणपत्र मुदत संपून बाद झालं, तेव्हा जुन्या सिस्टिमांवर चांगल्या साइटही 'असुरक्षित' दिसायला लागल्या होत्या. अशा वेळी फायरफॉक्स हाताशी असलेला बरा.

एका संस्थेचं काम माझ्याकडे येतं आणि त्यांची साइट अजून जुन्या इंटरनेट एक्स्प्लोररशिवाय हलत नाही. एक्स्प्लोरर १५ जून २०२२ लाच निवृत्त झाला. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमधल्या आयई (म्हणजे एक्स्प्लोरर) मोडमध्ये ती साइट चालते, पण तिथे टाकलेला पत्ता ३० दिवसांनी आपोआप निघून जातो. पहिल्यांदा असं झालं की माणूस मशीन बिघडलं म्हणून घाबरतो. काही बिघडलेलं नसतं, पत्ता परत टाकायचा.

आता विंडोज. इथे माझं मत अगदी उलटं आहे: नवं आलं म्हणून धावायचं नाही. २ ऑक्टोबर २०१८ ला आलेला विंडोज १० चा मोठा अपडेट आठवत असेल. काही लोकांच्या डॉक्युमेंट फोल्डरमधल्या फाइलीच उडाल्या, मायक्रोसॉफ्टला तो मागे घ्यावा लागला आणि नोव्हेंबरमध्ये परत सोडावा लागला. पहिल्याच आठवड्यात उडी मारणाऱ्यांना त्याचा भुर्दंड. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या वेगळ्या, त्या मी आठवडाभरात घेतो. वर्षाला येणारी मोठी आवृत्ती मात्र मुरू द्यायची.

पण मुरू देणं आणि विसरून जाणं यात फरक आहे. विंडोज ७ च्या वेळी आपल्याकडे एक वाईट सवय लागली. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, पण क्रोम पुढची तीन वर्षं चालत राहिलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्रोम ११० आलं तेव्हा कुठे विंडोज ७ वाले १०९ वर अडकले. मधल्या काळात लोकांनी समज करून घेतला, की तारीख गेली तरी काही होत नाही. होतं. वरचा ब्राउझर ताजा असला तरी खालची जमीन भुसभुशीतच. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस ब्राउझरमधून आलाच नव्हता, नेटवर्कवर फाइल शेअर करण्याच्या विंडोजच्या सोयीतून तो एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरला. दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, ज्यांनी घेतली नाही ते सापडले. आपल्या सेंटरांमध्ये एक प्रिंटर चार मशीनला शेअर केलेला असतो, तो याच सोयीवर.

म्हणून मी मुख्य मशीन ऑक्टोबरची वाट न बघता पितृपक्षात बदललं. नवीन काही सुरू करू नये म्हणतात त्या दिवसांत, पण गिऱ्हाईक कमी असतं आणि कॉम्प्युटरला तोच मुहूर्त चांगला. खरीप विम्याची गर्दी ओसरलेली, दिवाळी लांब आणि केळीच्या फळपीक विम्याची ऑक्टोबरअखेरची धांदल अजून सुरू नाही. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती तेव्हा जवळजवळ वर्षाची झाली होती. ताजी २५एच२ आली ३० सप्टेंबरला, ती मी होळीनंतर घेतली. २४एच२ वर असाल तर ती छोटीशीच, एका रीस्टार्टचं काम.

मशीन आठव्या पिढीचं इंटेल, म्हणजे पात्र. तरी तपासणीचं ॲप 'चालणार नाही' म्हणत होतं. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली होती. इंटेलच्या बोर्डवर ते 'पीटीटी' नावाने असतं, एएमडीवर 'एफटीपीएम'. चालू केलं की झालं. असं मशीन केवळ त्या एका संदेशावरून भंगारात काढू नका. मात्र बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा आणि असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, नाहीतर स्वतःच्याच डिस्कसमोर कुलूप बघत बसाल. काम रात्री केलं, इन्व्हर्टरची बॅटरी भरलेली ठेवून. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही आणि अर्ध्या अपग्रेडमध्ये गेली तर दुसऱ्या दिवशी दुकान बंद.

या सगळ्यात एक गोष्ट मला कुणी आधी सांगायला हवी होती. मागे परतायची सोय विंडोज फक्त १० दिवस ठेवतं. सेंटरसाठी ते कमी आहेत. कारण प्रिंटर पहिल्याच दिवशी तपासला जातो, पण डिजिटल सहीचा टोकन, अंगठ्याचं मशीन, कार्डाचा प्रिंटर हे कुणीतरी ते काम घेऊन येईपर्यंत कळत नाहीत. ही मुदत कमांड प्रॉम्प्टमधून ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, फक्त मूळचे १० दिवस संपायच्या आत वाढवावी लागते. मी दुसऱ्याच दिवशी वाढवली.

स्कॅनरने मात्र रडवलं. जुना फ्लॅटबेड, काच अजून स्वच्छ. पण कंपनीने ड्रायव्हर, म्हणजे स्कॅनर चालवणारं सॉफ्टवेअर, काढला होता तो ३२ बिटचा, पुढे काढलाच नाही. ६४ बिट विंडोज ३२ बिटचा ड्रायव्हर आत घेत नाही आणि विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही. विषय संपला. समोर एक आबा कागद घेऊन बसलेले. "भाऊ, आज बी फिरी ऱ्हायनं का तुनं चक्कर?" मी म्हटलं, "आबा, आज मोबाइलवर फोटो काढतो, उद्या बघू."

उत्तर सापडलं दुसऱ्या मशीनवर. ते चौथ्या पिढीचं, विंडोज ११ ला अपात्र. दुकानासाठी विंडोज १० च्या वाढीव सपोर्टला पहिल्या वर्षी ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट. जुन्या डब्यासाठी कोण देणार? अपात्र मशीनवर अकरा घुसवायच्या युक्त्या आहेत, पण अपडेट मिळत राहतील याची हमी नाही, धंद्याच्या मशीनवर मी तसं करणार नाही. जळगावला गोलाणी मार्केटमधून एसएसडी आणि रॅम आणली आणि लिनक्स मिंट २२ टाकलं, त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. सहज म्हणून तो स्कॅनर जोडला आणि ड्रायव्हर न टाकता चालला. लिनक्सवाले जुन्या स्कॅनरांचा आधार स्वतःच सांभाळतात, कंपनीने सोडलं तरी. आता सगळं स्कॅनिंग तिथेच. फॉर्म भरणं, मराठी इनस्क्रिप्ट टायपिंग, प्रिंट, सगळं ठीक. डिजिटल सहीचं काम मात्र मी तिकडे नेलं नाही, आणि एक्सेलमध्ये मॅक्रो टाकलेल्या संस्थांच्या फाइली मिंटवरच्या लिबरऑफिसमध्ये नीट उघडत नाहीत. मदतीला ठेवलेल्या पोराला सवय व्हायला दिवाळी गेली. त्याआधी रोज कुरकुर.

विंडोज ७ चं थोडक्यात: युनिकोडच्या आधीचे लेगसी फॉन्ट, सॉफ्टवेअर चालायला लावावा लागणारा डोंगल आणि वर्षानुवर्षांच्या पत्रिकांच्या फाइली. ते काम दुसरीकडे हलवण्यात अर्थ नाही. नेट नाही, एक पेन ड्राइव्ह फक्त त्याच्यासाठी, तोही आधी मिंटवर तपासून. बाहेरचा पेन ड्राइव्ह कुणी कितीही घाईत असला तरी तिथे लागत नाही.

घरचा लॅपटॉप मुलीच्या अभ्यासाचा. घरगुती वापरासाठी वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे: ३० डॉलर, किंवा १,००० रिवॉर्ड पॉइंट, किंवा मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर फुकट. २२एच२ आवृत्ती मात्र हवी. आम्ही फुकटची वाट धरली. काही कटकट नाही, पण हे वर्षभराचंच उसनं आहे. तुमच्याकडे असा लॅपटॉप असेल तर त्याला काय काय जोडता ते आत्ताच एका कागदावर लिहा. विंडोज कधी बदलायचं हे माझ्या दुकानात दरवेळी सगळ्यात जुन्या वायरने ठरवलंय, मायक्रोसॉफ्टच्या तारखेने फक्त शेवट दाखवला.

यंदा अधिक महिन्यामुळे पितृपक्ष १० ऑक्टोबरपर्यंत लांबलाय, म्हणजे तो मुहूर्त धरला तर हातात तीन दिवस उरतात. त्यामुळे आमच्या खानदेशातल्या सणाची कानबाई बोळवली की श्रावणातच लॅपटॉपला हात घालणार. मिंट टाकायचं की नवा घ्यायचा, ते मुलीच्या कॉलेजचं परीक्षेचं सॉफ्टवेअर कशावर चालतं ते विचारून.