तालुक्याच्या बेकरीतला मेक्सिकन गोड पाव

वर्धा जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी एका लहान बेकरीत खारी-टोस्टच्या बरण्यांशेजारी अलीकडे ‘कोंचा’ हा मेक्सिकन गोड पाव मिळू लागला आहे. दूध, लोणी व अंडी घातलेल्या, यीस्टने फुगवलेल्या मऊ पावावर साखर-मैद्याचा स्निग्ध थर लावून त्यावर शिंपल्याच्या नक्षीच्या रेघा ओढतात. येथील हा थर दाताखाली छान भुरभुरतो. मात्र लोण्याऐवजी डालडा वापरल्यासारखी चव टाळूला चिकटून राहते आणि दुपारनंतर पाव कोरडा पडतो, म्हणून तो सकाळीच घ्यावा.

मेक्सिकोत असे पाव घरातील मंडळी कॉफी किंवा गरम चॉकलेटबरोबर एकत्र बसून खातात. ६ जानेवारीला कापल्या जाणाऱ्या कड्याच्या आकाराच्या ‘रोस्का’ पावात तर लहानशी बाहुली दडवलेली असते आणि ती ज्याच्या वाट्याला येते, त्याने २ फेब्रुवारीला सर्वांना मक्याच्या पिठाचे, पानात गुंडाळून उकडलेले तमाले खाऊ घालायचे, असा रिवाज आहे. आमच्या घरी कोंचा चहात बुडवला गेला. वरचा थर विरघळून तळाशी बसला, तो आबाजींनी चमच्याने खरवडून संपवला. बेकरीने बिनअंड्याचा प्रकारही ठेवावा, नाहीतर श्रावणात याला गिऱ्हाईक मिळणे कठीण आहे.