मिनी बेस्ट-ऑफ-शो: फेरी चोख, पण बाटली नवी हवी

अमेरिकेतल्या घरगुती बिअरच्या बहुतेक स्पर्धा बीजेसीपीच्या (बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम, १९८५) पद्धतीने चालतात. त्यातली मिनी बेस्ट-ऑफ-शो, म्हणजे एकाच गटातल्या निवडक बिअरमधून पदकं ठरवणारी फेरी, कामाला कशी आहे, एवढंच इथे.

एका गटात तीस-चाळीस आयपीए (इंडिया पेल एल, कडवट चवीची बिअर) आल्या की त्या परीक्षकांच्या तीन-चार जोड्यांत वाटल्या जातात. गुणपत्रिका ५० ची: वास १२, रूप ३, चव २०, तोंडाला लागणारा पोत ५, एकंदर मत १०. पण एका टेबलावरचे ३८ म्हणजे दुसऱ्या टेबलावरचे ३८ नव्हेत. एखादी जोडी हात आखडूनच गुण देते. म्हणून प्रत्येक जोडी आपल्या दोन-तीन बिअर पुढे, म्हणजे या फेरीत, पाठवते, आणि तिथे आकडे बाजूला ठेवून सगळ्या शेजारी शेजारी चाखून क्रम लावतात. ४१ वाली ३९ वालीच्या मागे गेली की स्पर्धक वैतागतात. पण ही फेरी आहेच त्यासाठी.

घोळ होतो तो बाटलीपाशी. पहिल्या फेरीतली उघडी बाटली पुन्हा झाकून आणली तर तासाभरात गॅस उतरलेला असतो, हॉप्सचा (बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) वास बसलेला असतो, आणि शेवटी चाखलेल्या बिअरला फुकटचा फायदा मिळतो. दुसरी, न उघडलेली बाटलीच हवी. सगळ्या एकदम उघडायच्या, प्रत्येक पेल्यात साधारण ६० मिली, पेल्याखाली नोंदणी क्रमांक. दुसरी बाटली पहिलीपेक्षा वेगळी निघाली (बाटलीत गॅस धरणाऱ्या बिअरचं हे नेहमीचं) तर समोरच्या पेल्याचाच निवाडा करायचा, आठवणीतल्या चवीचा नाही.

या फेरीत आधी सगळ्यांनी गप्प राहून चाखायचं, प्रत्येकाने आपले तीन क्रमांक कागदावर लिहून. नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याची बिअर पुढे! मग एकेक बाद करायची, कारण त्या शैलीतलं (बिअरच्या त्या प्रकारातलं) सांगून; 'मला आवडली नाही' चालत नाही. आपण पाठवलेल्या बिअरची वकिली तर मुळीच नको. उरलेल्या दोन-तीन दहा मिनिटं तशाच ठेवा. मग पेल्यावर तळहात धरून हलवा आणि हुंगा: थंड असताना स्वच्छ वाटलेल्या पिल्सनरमधून (फिकट रंगाच्या लागर बिअरमधून) लोण्याचा वास, म्हणजे डायअसेटिल, वर येतो, आणि क्रम बदलतो.

एक उणीव मात्र खटकते. या फेरीत शेरे लिहायचे नसतात. पत्रिकेवर फक्त 'पुढे गेली'ची खूण होते. ४१ गुण आणि पदक नाही, असा कागद हातात पडलेल्याला कारण कुठून कळणार? आयोजकांनी 'शेवटाला कडूपणा रेंगाळतो' इतकी एक ओळ लिहून घ्यायला एक मिनिटही लागत नाही.