आमच्या आवारातले चार खराटे

मुलुंड पूर्वेला आमची सोसायटी. तीन इमारती आणि मध्ये ऐसपैस आवार. मी खजिनदार. बँकेतून निवृत्त झाले आणि हे पद गळ्यात पडलं, त्याबरोबर खराट्यांची व्हाउचरंही. गेल्या वर्षी जानेवारीत एकाच महिन्यात खराट्याचं तिसरं व्हाउचर सहीला आलं, तेव्हा मी सफाईच्या मामांना विचारलं, "मामा, खराटे खाताय की काय?" ते म्हणाले, "ताई, सत्तर रुपयांचा खराटा, आणि वर हे बदामाचं झाड."

बदाम थंडीत पानं टाकतो. लालभडक, पंजाएवढी, जाड पानं. तो संपला की मार्चनंतर सोनमोहराचा पिवळा सडा, आणि पावसाळ्यात पर्जन्यवृक्षाची बारीक पानं, जी पेव्हर ब्लॉकवर पोस्टाच्या तिकिटासारखी चिकटतात. आवार अर्धं पेव्हर ब्लॉकचं, अर्धं जुन्या खडबडीत सिमेंटचं, इमारतींखाली गुळगुळीत पार्किंग. एवढ्या सगळ्याला एकच खराटा पुरवायचा, तर थोडा विचार करूनच घ्यायला हवा होता. तो आम्ही कधीच केला नव्हता.

तो सत्तर रुपयांचा खराटा हिराचाच, म्हणजे नारळाच्या पातीच्या मधल्या काडीचाच होता, पण प्लॅस्टिकच्या पट्टीने एकाच जागी आवळलेला. हीर अजून हिरवट. वाळताना ते आकसतात, पट्टी सैल पडते आणि झाडता झाडता एकेक हीर निसटतो. दहाव्या दिवशी मामा आधी पानं झाडायचे आणि मग स्वतःच्याच खराट्याचे हीर वेचायचे.

मग मी शहाणपणा केला. ऑनलाइन ९५० रुपयांचा रोड ब्रश मागवला. दीड फुटी लाकडी पाटी, जाड नायलॉनचे केस, लांब दांडा, ढकलायचा. फोटोत फार रुबाबदार. पार्किंगमध्ये त्याने खरंच छान काम केलं, धूळ न उडवता पुढे ढकलत नेली. पेव्हरवर मात्र केस वरच्या वर सरकतात, सांधीतली माती तशीच. ओल्या पानांत तर पाटीच भरते, दर चार पावलांवर थांबून ती भिंतीवर आपटायची. दांडा जिथे पाटीत आट्यांवर बसतो ते प्लॅस्टिकचं बूच तिसऱ्या आठवड्यात फुटलं. विक्रेत्याचं म्हणणं, वापर "घरगुती" नव्हता. सोसायटी म्हणजे घरंच की हो!

तिसरा, प्लॅस्टिकच्या काड्यांचा हिरवा खराटा, लांब दांड्यासकट २२० रुपयांना. फेब्रुवारीत मी खूश होते. भिजला तरी कुजत नाही, धुतला की स्वच्छ. मामा तो मीटररूमबाहेर उन्हात उभा करून ठेवायचे, तोही काड्यांवर. मे येईपर्यंत टोकं वळून गेली आणि काड्या ठिसूळ होऊन तुटायला लागल्या. उन्हाने प्लॅस्टिकचं असंच होतं, त्यात नवल नाही. खरा राग आला ऑक्टोबरात. महापालिकेने २०१७मध्ये दिवसाला १०० किलोंहून जास्त ओला कचरा करणाऱ्या मोठ्या सोसायट्यांना तो आवारातच जिरवायला सांगितलं. आमचा तेवढा होत नाही, पण त्या लाटेत आम्हीही पानांचा खड्डा केला. त्यातलं खत चाळायला घेतलं तर चाळणीवर हिरव्या काड्यांचे तुकडेच तुकडे. हीर तुटला तर मातीत मिसळून जातो. हे तुकडे मी अजून कुंड्यांमधून वेचते आहे.

चौथा खराटा मामांनी निवडला. वसईकडून बाजारात येणाऱ्या एका बाईंकडून, किलोभर वजनाचा, १४० रुपये. मी सोबत गेले होते आणि त्यांची पारख बघून गप्प झाले. आधी हिराचा रंग. हिरवा नको, काळे बुरशीचे ठिपके नकोत, तपकिरी हवा. एक हीर बोटांत वाकवला. वाकून परत यायला हवा, कट्कन मोडायला नको. पातीचे पापुद्रे नीट खरवडलेले आहेत का ते पाहिलं. मग बुडाकडे धरून जोरात झटकला. एकही हीर पुढे सरकला तर तो खाली ठेवायचा. बांधणी तारेची आणि दोन जागी. वजनावर भुलायचं नाही, ओला खराटा भारी भरतोच. नारळाच्या एका झावळीला दोनशे-अडीचशे पाती, प्रत्येक पातीचा एकच हीर. किलोभर खराट्यासाठी बसून किती सोलावं लागत असेल, हे कळल्यावर मी घासाघीस केली नाही.

बांबू वेगळा आणला, पाच फुटी. टोक तासून बुडात मधोमध ठोकला. तो पाचरीसारखा बसतो आणि तारेची बांधणी आणखी घट्ट होते. मामांची कंबर वाचली. आधी आखूड खराट्याने ओणवे होऊन दीड तास झाडायचे, आणि आम्ही वरून गॅलरीतून "तिकडे राहिलं" म्हणायचो.

पाऊस हीच खरी परीक्षा. जून ते सप्टेंबर मुंबईत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि गटाराच्या जाळीवर पानं साठली की आमच्या गेटात तळं. हिराची टोकं चिकटलेल्या पानाखाली शिरून ते उचलतात, हे त्या रोड ब्रशला जमलं नाही. दोन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. जोर लावून झाडलं तर पेव्हरच्या सांधीतली वाळूही निघते. आमचे दोन-तीन ब्लॉक हलायला लागलेत. आणि कोरड्या दिवसांत धूळ उडते, आधी पाणी शिंपडावं लागतं. शिवाय ओला खराटा जमिनीवर टाकला की बुरशी धरतो. आता जिन्याखाली खिळा मारून उलटा टांगतो. दिवाळीत केरसुणीला हळदकुंकू मिळतं, खराट्याला निदान खिळा तरी मिळाला.

तो पाच महिने पुरला. पार्किंगसाठी ब्रशला लोखंडी बूच बसवून घेतलंय, तेवढ्यापुरता तो बरा आहे. यंदा मेअखेर तसेच दोन खराटे घेतले. तिसरा घेऊन ठेवू म्हटलं, तर मामांनी झिजून वीतभर उरलेलं जुनं थोटूक दाखवलं. आखूड झाल्यावर हीर कडक होतात, आणि ब्लीचिंग पावडर टाकून जिन्याच्या पायऱ्यांवरचं शेवाळ घासायला त्याच्यासारखं काही नाही, म्हणाले. मी ते थोटूक हिशेबात मार्चमध्येच भंगारात दाखवलं होतं. आता नोंद परत फिरवायची आहे.